'गेलो होतो' आणि 'हॅड गॉन'

या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी जे अर्ज येतात त्यांपैकी बरेच इंग्रजीत लिहिलेले असतात. ते वाचून त्यांवर टिपण करण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. मुले हुशार असतात, हस्ताक्षर नेटके असते, स्पेलिंगही बहुधा बिनचूक. तरी एक गोष्ट हटकून आढळते. 'आय हॅड पास्ड माय टेन्थ इन २०२१.' 'माय फादर हॅड वर्क्ड इन अ फाउंड्री.' 'आय हॅड अप्लाइड लास्ट इयर आल्सो.' यांतील एकेक वाक्य सुटे घेतले तर क्रियापदाचे रूप चुकलेले नाही. 'हॅड'च्या पुढे जे धातुसाधित यावयास हवे तेच आले आहे. परंतु ज्यास इंग्रजीचा सराव आहे तो वाचक येथे अडखळतो आणि पुढच्या वाक्याची वाट पाहतो. दहावी पास झाला होता, बरे, मग काय झाले? निकाल फिरला काय? वडील फाउंड्रीत काम करीत होते, ते कशाच्या आधी? पुढचे वाक्य या शंकेचे समाधान करीत नाही. ते भलत्याच गोष्टीकडे वळते.

ही चूक आळसाची किंवा अज्ञानाची नव्हे. किंबहुना जो मुलगा विचार करून भाषांतर करतो त्याच्याच हातून ती अधिक होते. म्हणून तिचे मूळ कोठे आहे हे नीट पाहणे जरूर आहे.

मूळ आहे नावात. शाळेत आपण मराठीचे काळ शिकतो. गेलो हा साधा भूतकाळ, गेलो आहे हा पूर्ण वर्तमानकाळ आणि गेलो होतो हा पूर्ण भूतकाळ. पुढे इंग्रजीच्या तासाला 'पास्ट परफेक्ट' हे नाव येते आणि त्याचे भाषांतर तेच, पूर्ण भूतकाळ. विद्यार्थी साहजिकच समजतो की नाव एक, तर वस्तूही एक. जेथे 'होतो' तेथे 'हॅड', असा सरळ हिशेब तो मांडतो. एकदा ही सवय जडली की जेथे मराठीतही नुसते 'झालो' पुरे होते तेथेही 'हॅड' येऊन बसतो, कारण तो लिहिला की वाक्य कसे भारदस्त वाटते!

आता आपले 'होता' प्रत्यक्षात काय काम करते ते पाहू. तुम्ही बाहेरून घरी येता. घरातले माणूस सांगते, 'तुझा मित्र आला.' म्हणजे तो आत्ताच दारात दिसतो आहे. 'तुझा मित्र आला आहे.' म्हणजे तो आत बसला आहे, चहा ठेवा. 'तुझा मित्र आला होता.' म्हणजे तो आला आणि गेला. धातू तोच, पण पहिल्या वाक्याने तुम्ही दाराकडे पाहाल, दुसऱ्याने आतल्या खोलीत जाल आणि तिसऱ्याने फोन हातात घ्याल. तिसऱ्या वाक्यात दुसऱ्या कोणत्याही भूतकालीन घटनेचा उल्लेख नाही, आणि त्याची गरजही नाही. आजच्या क्षणी उभे राहून आपण एवढेच सांगतो की ते येणे आता मागे पडले, त्याचा परिणाम येथे शिल्लक नाही. 'मी दार उघडले होते' असे कोणी म्हणाले की आता दार बंद आहे हे न सांगता कळते. कधी परिणाम मिटल्याचा भाव नसतो, केवळ अंतराचा असतो. 'ते पुस्तक मी वाचले होते' म्हणजे वाचले खरे, पण त्याला बरेच दिवस झाले, तपशील विचारू नका.

आमच्या बेळगाव भागात एक मौज आहे. एकाच वर्गात मराठी, उर्दू आणि कन्नड घरांतली मुले एका बाकावर बसतात. मराठी मुलगा म्हणतो, 'काल हुबळीला गेलो होतो.' उर्दू बोलणारा म्हणतो, 'कल हुबली गया था.' कन्नड मुलगा म्हणतो, 'निन्ने हुब्बळ्ळिगे होगिद्दे.' तिघेही जाऊन परत आलेले आहेत, आणि तिघेही इंग्रजीत एकच वाक्य लिहितात, 'यस्टर्डे आय हॅड गॉन टू हुबळी.' कन्नड ही द्राविड कुळातली, मराठी आणि उर्दू आर्य कुळातल्या. तरी रूप घडविण्याची रीत सारखी, मुख्य धातूला 'असणे'चा भूतकाळ जोडावयाचा, आणि उपयोगही सारखा. म्हणून या चुकीचे खापर एकट्या मराठीवर फोडता येत नाही, आणि शेजाऱ्याचे पाहून ती सुधारण्याचाही संभव नाही, कारण शेजारीही तीच करतो.

या बाबतीत जुन्या उर्दू-फारसी व्याकरणांतली नावे आम्हांस फार नेमकी वाटतात. तेथे 'गया' हा माज़ी-ए-मुतलक़, म्हणजे नुसता, निर्बंध भूतकाळ. 'गया है' हा माज़ी-ए-क़रीब, म्हणजे जवळचा भूतकाळ. आणि 'गया था' हा माज़ी-ए-बईद. बईद म्हणजे दूरचा. त्या व्याकरणकारांनी क्रिया पूर्ण की अपूर्ण यावरून नाव दिले नाही. बोलणाऱ्यापासून ती किती अंतरावर आहे यावरून दिले. 'गेलो होतो' यासही 'दूरचा भूतकाळ' हेच नाव शोभले असते असे आमचे मत आहे. 'पूर्ण' म्हणावे तर 'गेलो' हेही पूर्णच आहे, अर्धवट गेलेला कोण सांगतो?

इंग्रजीच्या बाजूला नावाची परंपरा निराळी. तेथे या रूपाला पूर्वी 'प्लुपर्फेक्ट' म्हणत. ते लॅटिनमधील 'प्लुस क्वाम पर्फेक्टुम' यावरून आले, त्याचा अर्थ 'पूर्णाहूनही अधिक'. याने विद्यार्थ्यास काही उलगडा होत नाही. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ साली 'द फिलॉसफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात अधिक सरळ शब्द वापरला, 'बिफोर-पास्ट', म्हणजे भूतकाळाच्याही आधीचा. आणि १९४७ साली हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने तर्कशास्त्रावरील आपल्या पुस्तकात या काळांचा हिशेब तीन बिंदूंनी मांडला. बोलण्याचा क्षण हा एक बिंदू, घटनेचा क्षण हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे जेथे उभे राहून आपण त्या घटनेकडे पाहतो ती जागा. साध्या भूतकाळात घटना आणि पाहण्याची जागा एकत्र असतात, दोन्ही मागे. 'हॅव' असेल तर घटना मागे, पण पाहण्याची जागा आत्ताची. 'हॅड' असेल तर पाहण्याची जागा भूतकाळात आणि घटना तिच्याही मागे.

या तिसऱ्या बिंदूतच सगळा फरक आहे. मराठी बोलणारा आजच्या ओट्यावर बसून दूरवर नजर टाकतो आणि 'होता' म्हणतो. इंग्रजी बोलणारा आधी भूतकाळात जाऊन उभा राहतो, तेथून मान वळवून आणखी मागे पाहतो, तेव्हा कोठे 'हॅड' म्हणतो. ज्याने ती उभे राहण्याची जागा वाचकास दाखविलीच नाही त्याचा 'हॅड' अधांतरी राहतो.

उदाहरण स्टेशनवरचेच घेऊ, कारण सर्व व्याकरणांना ते प्रिय आहे. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' आम्ही पोहोचलो ही उभे राहण्याची जागा, आणि गाडी सुटली ती त्याआधी. आमच्या नशिबी रिकामा फलाट. आता 'हॅड' काढा. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट.' येथे आम्ही पोहोचलो आणि गाडी सुटली, डोळ्यांदेखत. मराठीतही 'गाडी गेली होती' आणि 'गाडी गेली' असाच भेद होतो. अर्थात मराठीच्या 'होता'लाही ही दोन घटनांची कामगिरी येते. फरक इतकाच की इंग्रजीच्या 'हॅड'ला हे एवढेच काम आहे, आणि मराठीच्या 'होता'कडे याखेरीज दूरच्या भूतकाळाचेही खाते आहे. त्या दुसऱ्या खात्यातली वाक्ये 'हॅड'च्या नावे लिहिली की हिशेब चुकतो.

उभे राहण्याची जागा त्याच वाक्यात हवी असे मात्र नाही. ती मागल्या वाक्यात असली तरी चालते. आमच्या जिल्ह्याचेच पाहा. 'इन १९५६ बेळगाव बिकेम अ पार्ट ऑफ मैसूर स्टेट. इट हॅड बीन अ पार्ट ऑफ बॉम्बे स्टेट.' पहिल्या वाक्याने वाचकास १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी आणून उभे केले, म्हणून दुसऱ्यातला 'हॅड' पक्का बसला. दुसरे वाक्य एकटेच लिहिले असते तर ते पुन्हा लोंबकळले असते.

मग दूरच्या भूतकाळातल्या 'होतो'चे इंग्रजी काय करावे? बहुतेक ठिकाणी नुसता साधा भूतकाळ. मित्र विचारतो, 'विजापूरचा गोल घुमट पाहिला आहेस का?' याचे इंग्रजी 'हॅव यू सीन द गोल घुमट?' आपण उत्तर देतो, 'हो, २००८ साली पाहिला होता.' मराठीत 'आहे'वरून आपण 'होता'वर आलो. इंग्रजीत 'हॅव'वरून उतरावयाचे ते 'हॅड'वर नव्हे. 'येस, आय सॉ इट इन २००८.' साल, वार, काल, परवा, गेल्या महिन्यात असा नेमका काळ सांगितला की 'हॅव' चालत नाही. आणि केवळ तेवढ्यासाठी 'हॅड'ही लागत नाही.

नेमका काळ सांगितलेला नसेल तेव्हा आणखी एक वाट आहे, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असते. 'अब्बा हजला गेले आहेत.' ते अजून तिकडेच आहेत, 'ही हॅज गॉन ऑन हज.' 'अब्बा हजला गेले होते.' ते परतले, हाजी झाले. येथे इंग्रजी 'गो' हे क्रियापदच टाकून देते आणि म्हणते, 'ही हॅज बीन ऑन हज.' साल सांगावयाचे असेल तर 'ही वेंट ऑन हज इन २०१५.' पंढरीच्या वारीचेही असेच. आजोबा गेले आहेत म्हणजे 'हॅज गॉन टू पंढरपूर', जाऊन आले म्हणजे 'हॅज बीन टू पंढरपूर'. या दोहोंची अदलाबदल झाली तर घोटाळा साधा नाही. मुलाखतीत कोणी वडिलांविषयी विचारले आणि उमेदवार 'ही हॅज गॉन टू दुबई' म्हणाला, तर ऐकणारा समजतो की वडील तिकडेच नोकरीला आहेत. वस्तुतः ते चार वर्षांपूर्वी कायमचे परतलेले असतात. शिष्यवृत्तीसाठी घरचे उत्पन्न मोजले जाते तेथे अशा एका शब्दाने प्रश्न उभे राहतात. आणि 'हॅड गॉन' केव्हा? 'व्हेन माय सिस्टर्स रिझल्ट केम, अब्बा हॅड गॉन ऑन हज.' निकालाच्या दिवशी अब्बा घरी नव्हते, ते अगोदरच निघाले होते. येथे निकालाचा दिवस ही उभे राहण्याची जागा आहे.

आमचे एक स्नेही म्हणतात, 'आपल्या देशात सगळेच असे बोलतात, एकमेकांस समजतेही, मग ही चूक कशी?' त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारेही हा तिचा एक विशेष म्हणून नोंदवितात. चहाच्या टेबलावर कोणी 'आय हॅड गॉन टू मार्केट' म्हणाले तर त्याला टोकण्याचा उद्योग आम्हीही करणार नाही. पण जो शब्द सर्वत्र उधळला तो गरजेच्या जागी कामास येत नाही, ही खरी हानी आहे. समजा, एखाद्या संस्थेच्या सभेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहावयाचे आहे. 'व्हेन द प्रेसिडेंट अराइव्ह्ड, द रेझोल्यूशन वॉज पास्ड.' अध्यक्ष आले आणि मग ठराव मंजूर झाला. 'व्हेन द प्रेसिडेंट अराइव्ह्ड, द रेझोल्यूशन हॅड बीन पास्ड.' अध्यक्ष येण्यापूर्वीच ठराव मंजूर होऊन गेला होता. अध्यक्ष आल्यानेच गणसंख्या पुरी होत असेल, तर पहिल्या वाक्यातला ठराव टिकेल आणि दुसऱ्यातला टिकणार नाही. पुढे वाद निघाला तर वकील या एका 'हॅड'वर बोट ठेवील. आणि ज्या चिटणिसाने आधीच्या चार पानांवर 'द ट्रेझरर हॅड रेड द अकाउंट्स', 'द मेंबर्स हॅड टेकन टी' असे लिहून ठेवले आहे, त्याचा हा 'हॅड' अर्थाचा आहे की सवयीचा, हे कोणी कसे ओळखावे? विक्रीच्या कागदाचे, जबाबाचे, पावतीच्या पत्राचेही असेच. पैसे सहीच्या आधी दिले की नंतर, एवढ्यावर माणसांची घरे अडकलेली असतात.

उलट बाजूची चूकही होते, 'हॅड' हवा तेथे तो गळतो. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना 'की' लावून त्याचेच शब्द आपण ठेवतो. 'तो म्हणाला की मी आजारी आहे.' 'तो म्हणाला की मी आजारी होतो.' इंग्रजीत क्रियापद एक पायरी मागे जाते. पहिल्याचे 'ही सेड ही वॉज इल', म्हणजे बोलताना तो आजारी होता. दुसऱ्याचे 'ही सेड ही हॅड बीन इल', म्हणजे बोलताना बरा होता, आधी आजारी होता. येथे 'होतो' पाहून 'वॉज' लिहिणारा मुलगा बऱ्या झालेल्या माणसास पुन्हा अंथरुणावर निजवितो. 'मला माहीत असते तर मी आलो असतो' या संकेतार्थालाही इंग्रजीत 'इफ आय हॅड नोन' असा 'हॅड' लागतो. मराठीत तेथे 'होते' नसून 'असते' आहे, त्यामुळे विद्यार्थ्यास तो सुचत नाही. याविषयी स्वतंत्रपणेच लिहिले पाहिजे.

एक फसवी जागा राहिली. 'तो खुर्चीवर बसला होता.' 'तिने हिरवी साडी नेसली होती.' 'बाळ झोपले होते.' येथे आपला 'होता' घडून गेलेली क्रिया सांगत नाही. त्या वेळची स्थिती सांगतो. बसणे झाले आणि माणूस बसलेल्या स्थितीत आहे. इंग्रजीत अशा जागी 'ही हॅड सॅट' किंवा 'शी हॅड वोर्न' म्हणत नाहीत. 'ही वॉज सिटिंग ऑन अ चेअर', 'शी वॉज वेअरिंग अ ग्रीन सारी', 'द बेबी वॉज अस्लीप'. वर्गात हे सांगितले की मुले चकित होतात, कारण 'सिटिंग' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे बसण्याची क्रिया चालू असलेला, अर्धा वाकलेला माणूस उभा राहतो!

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांस एकच प्रश्न विचारावयास शिकवितो. 'हॅड' लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारा, 'कशाच्या आधी?' उत्तर जर 'आजच्या आधी' असेल तर 'हॅड' खोडा आणि साधा भूतकाळ लिहा. उत्तर जर दुसऱ्या एखाद्या भूतकालीन क्षणाचे असेल, आणि तो क्षण वाचकास सांगितलेला असेल, तर 'हॅड' ठेवा. 'बिफोर' किंवा 'आफ्टर' या शब्दांनीच क्रम स्पष्ट झाला असेल तर 'हॅड' असला काय, नसला काय, बहुधा बिघडत नाही. 'आय हॅड अप्लाइड लास्ट इयर आल्सो' हे अर्जातले वाक्य या कसोटीस लावा. कशाच्या आधी? फक्त आजच्या आधी. तेव्हा 'आय अप्लाइड लास्ट इयर आल्सो' एवढेच.

सरावासाठी काही वाक्ये देतो. 'आम्ही परवा गोकाकचा धबधबा पाहायला गेलो होतो.' परवा हा नेमका दिवस, दुसरी घटना नाही. 'वी वेंट टू सी द गोकाक फॉल्स'. 'मी त्याला ओळखले नाही, कारण त्याने दाढी राखली होती.' न ओळखण्याच्या क्षणी दाढी आधीच वाढलेली. 'बिकॉज ही हॅड ग्रोन अ बिअर्ड'. 'मामा येऊन गेले होते, हे आम्हांस संध्याकाळी कळले.' कळणे ही जागा, येणे तिच्या आधी. 'इन द ईव्हनिंग वी लर्न्ड दॅट मामा हॅड कम'. शेवटचे वाक्य घरी सोडवून पाहावे, त्यात दोन 'होता' आहेत आणि दोन्हींचे इंग्रजी निरनिराळे होते: 'दादा काल आला होता, पण तू झोपला होतास.'